तुकडी नेस्टेड आणि तपासनीस क्रॉस्ड, हे नक्की कसं ओळखायचं?

गणित_आठवी:
पीएचडीचा डेटा आहे. १२ शाळा, प्रत्येक शाळेत आठवीच्या अ, ब, क तुकड्या, आणि मुलांचे गणिताचे मार्क. पेपर ५ जणांनी तपासलेत, सगळ्या शाळांचे गठ्ठे एकत्र करून वाटले होते. आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये (१|शाळा) + (१|तुकडी) + (१|तपासनीस) लिहिलं (म्हणजे प्रत्येक गटाचा मार्कांवरचा परिणाम वेगळा धरायचा) तर गाईड म्हणतात तुकडीचं चुकलंय, ती नेस्टेड आहे, म्हणजे प्रत्येक तुकडी एकाच शाळेच्या आत. पण मॉडेल चालतंय, एरर पण नाही, मग चुकलं कुठे?

कोकणी_माणूस:
एरर येणारच नाही, तीच तर पंचाईत आहे. तुमच्या फाईलमध्ये सगळीकडे नुसतं "अ" लिहिलंय ना, मग सॉफ्टवेअर बाराही शाळांची अ म्हणजे एकच तुकडी धरतं. आउटपुटमध्ये ग्रुप्सचा आकडा बघा, तुकडीसमोर ३ असेल, हवेत ३६. (१|शाळा/तुकडी) करा, आतून त्याचं (१|शाळा) + (१|शाळा:तुकडी) होतं. नाहीतर शाळेचा कोड जोडून प्रत्येक तुकडीला वेगळं नाव द्या, मग नुसत्या अधिकच्या चिन्हानेही तेच उत्तर येतं. मी तर नावंच बदला म्हणेन, पुढे फाईल कोणाच्याही हातात गेली तरी घोळ होत नाही. तपासनीस आहे तसाच राहू दे, तपासनीस २ सगळ्या शाळांना तोच माणूस आहे, म्हणून तो क्रॉस्ड.

रेषा_आणि_बिंदू:
अशी मॉडेल्स चालवणाऱ्या आर मधल्या एलएमईफोर पॅकेजमधला पेस्ट्स डेटा उघडून बघा. १० बॅच, प्रत्येक बॅचची ३ पिंपं, प्रत्येक पिंपाची २ वेळा तपासणी, एकूण ६० आकडे, आणि पिंपांना दर बॅचमध्ये तीच तीन अक्षरं, म्हणजे हुबेहूब तुमची केस. त्यातच पेनिसिलिन नावाचा डेटा पण आहे, २४ प्लेट, ६ सॅम्पल, प्रत्येक प्लेटवर प्रत्येक सॅम्पल, १४४ आकडे, तो खरा क्रॉस्ड. गंमत म्हणजे बॅच आणि पिंप असा तक्ता काढला तरी सगळी घरं भरलेलीच दिसतात, त्यामुळे नुसत्या तक्त्यावर जाऊ नका. इथलं "अ" आणि तिथलं "अ" ही खरंच एकच वस्तू आहे का, हे स्वतःला विचारायचं, ते डेटा गोळा करणाऱ्यालाच माहीत असतं.

गणित_आठवी:
३ च होतं!! नावं बदलली, आता ३६ येतंय. खूप खूप आभार दोघांचे. पण दोन शाळांचे पेपर तपासनीस ४ कडे गेलेच नाहीत, मग क्रॉस्ड म्हणता येईल का?

रेषा_आणि_बिंदू:
हो, अर्धवट क्रॉस्ड, चालतं. त्याच पॅकेजमधल्या इन्स्टइव्हल डेटामध्ये २९७२ विद्यार्थी आणि ११२८ शिक्षक आहेत, सगळ्यांनी सगळ्यांना थोडंच रेटिंग दिलंय.