चार्जर उपटून पृथ्वी वाचते का?

मीटरवाला:
काल कुणीतरी लिहिलं, "मोबाईल काढून चार्जर सॉकेटमध्ये तसाच ठेवणाऱ्यांना विजेची किंमत नाही, असल्यांमुळेच पृथ्वीचं वाटोळं होतंय." खाली अंगठ्यांची ही रांग! मी त्या असल्यांपैकीच एक, म्हणून झोपायचं सोडून हा प्रपंच.

हल्लीचा बरा चार्जर नुसता लटकत असताना 0.1 वॅटच्या आसपास खातो. युरोपात 2020 पासून छोट्या चार्जरना नियमच तेवढा आहे. वर्षभर एकदाही काढला नाही तर जेमतेम 0.9 युनिट. 2000 वॅटचा गीझर तेवढी वीज अर्ध्या तासाच्या आत संपवतो. फोनचंच म्हणाल, तर 5000 एमएएचची बॅटरी रोज शून्यापासून भरली तरी वर्षाचे आठ-नऊ युनिट, म्हणजे त्याच गीझरचे चार-साडेचार तास. वीज खातं ते गरम करणं आणि गार करणं. पण यथेच्छ गरम पाणी अंगावर घेऊन यायचं, टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत चार्जर उपटायचा आणि वर आम्हाला प्रवचन!

काढायचा त्याने खुशाल काढावा. त्याचं पुण्य माझ्या खात्यातून वजा करू नये, इतकंच.

थेंबेथेंबे:
प्रचंड असहमत. प्रश्न 0.9 युनिटचा नाहीच, सवयीचा आहे. खोलीतून बाहेर पडताना दिवा राहिला की माझे वडील ओरडायचे नाहीत. नुसते उठून, चप्पल घालून, त्या खोलीपर्यंत जायचे आणि खटका दाबून परत येऊन बसायचे. तो आवाज अजून कानात आहे. ज्याचा हात चार्जरकडे जातो त्याचा पंख्याकडेही जातो. तुमचं गणित बरोबर असेल, माणसं गणितावर चालत नाहीत. आणि एकाचा थेंब असतो, लाखोंचं तळं होतं.

मीटरवाला:
लाखांनी गुणायचं तर गीझरही लाखांनी गुणा की. की गुणाकार फक्त चार्जरला लागू?
सवयीचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा. एक छोटं पुण्य पदरात पडलं की माणूस मोठ्या पापाला मोकळा होतो.

बल्बपीडित:
अवांतर होईल, पण चार्जर सोडा हो, एलईडी बल्बचं बोला! खोक्यावर पंचवीस हजार तास, माझ्याकडे वर्षही टिकत नाही. आजोबांच्या काळचा पिवळा बल्ब वर्षानुवर्षं चालायचा. हे सगळं मुद्दाम केलेलं असतं. 1924 साली बल्ब कंपन्यांनी संगनमत करून आयुष्य 1000 तासांवर आणलं होतंच ना? तीच ही अवलाद.

डागणी:
संगनमत खरं, पण अर्धंच सांगताय. तारेच्या बल्बचं आयुष्य वाढवायचं तर तार कमी तापवावी लागते, मग उजेड कमी आणि त्या मानाने वीज जास्त. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात 1901 पासूनचा बल्ब अजून चालू आहे म्हणून सगळे नाचतात. तो साधारण 4 वॅटवर मिणमिणतो. त्या उजेडात तुमचा हा प्रतिसाद तरी वाचता येईल का?

तुमचा बल्ब बंदिस्त काचेच्या गोळ्यात आहे का? असला तर उष्णता आत कोंडून वाट लागणारच. मी मेलेले बल्ब उघडतो, छंद आहे. टोपी काढली की आत पिवळे ठिपके दिसतात, त्याच एलईडी, बहुतेक वेळा एकाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग. सगळे एका माळेत जोडलेले, त्यामुळे एक तुटला की सगळे अंधारात. नाहीतर खालच्या पट्टीवरचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा डबा, डोक्यावर फुगलेला. त्याला उष्णता सोसत नाही, दर दहा अंशांमागे आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. अशा वेळी एलईडी ठणठणीत असते, मरतो तो तिचा सांभाळकर्ता.

बल्बपीडित:
म्हणजे चूक माझ्या काचेच्या गोळ्याची? वा! खोक्यावर लिहा ना मग ठळक अक्षरात. आणि मधल्या काळात आम्ही काय, मेणबत्ती लावायची?

डागणी:
बारीक अक्षरात बहुधा लिहिलेलं असतं. वाचायला उजेड लागतो, हे मान्य.

ओलंबोट:
दोघंही थांबा. वॉशिंग मशीनच्या स्पर्शाच्या बटणांबद्दल कुणी बोलणार आहे का? कपडे धुण्याच्या यंत्राला ओलं बोट चालत नाही! जुन्या यंत्राचं गोल बटण डोळे मिटून फिरवायचं, टक-टक-टक, तिसऱ्या टकेला थांबायचं. आता अंगठा पुसायचा, दाबायचा, परत पुसायचा. आईने शेवटी यंत्रावर एक कोरडं फडकं कायमचं ठेवलंय. वर त्याला वायफाय. यंत्राला माझ्याशी बोलायचं काय असतं?

थेंबेथेंबे:
बघा! वायफाय म्हणजे चोवीस तास जागं राहणं. मीटरवाले, आता मोजा ना तुमचं 0.1.

मीटरवाला:
मोजलंय. घरी प्लगमध्ये लावायचा मीटर आहे, नावावरून कळलं असेल. सर्वांत निर्लज्ज निघाला तो सेट टॉप बॉक्स. रिमोटने "बंद" केल्यावरही 12 वॅट. वर्षाचे 105 युनिट होतात, शंभराहून जास्त चार्जरच्या बरोबरीचे. बरं, त्यावरचा लाल दिवा म्हणतो, मी झोपलोय.

जुनंखोड:
तुम्ही सगळे मूळ मुद्दा विसरताय. कोळसा कमी खाणारी वाफेची इंजिनं आली आणि कोळशाचा एकूण खप वाढला, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने 1865 सालीच दाखवलं. एलईडी स्वस्तात जळते म्हणून आता आम्ही जिन्याखाली, कपाटात, आरशामागे दिवे लावतो. वाचवायचं तर कमी वापरा, बाकी सगळ्या गप्पा.

डागणी:
त्याच न्यायाने उद्या गाडीचं इंजिन सुधारू नका म्हणाल. माझ्या घरात 60 वॅटच्या जागी 9 आले. आरशामागे पाच लावले तरी बचत उरते, आणि मुळात मी आरशामागे लावलेले नाहीत. स्वतःच्या घरची सजावट लोकांच्या माथी मारू नका.

जुनंखोड:
भाषा सांभाळा.

डागणी:
सजावट हा शब्द असभ्य कधीपासून झाला?

थेंबेथेंबे:
भांडा तुम्ही. मी काल रात्री सेट टॉप बॉक्सवर हात ठेवून पाहिला. घर झोपलेलं, टीव्ही बंद, आणि तो मांजरासारखा कोमट. शेजारी माझा चार्जर, गारढोण. तेव्हा मीटरवाले, घ्या, तुमचं गणित पास. आजपासून बॉक्सचा खटका भिंतीवरून बंद. सकाळी तो परत चालू व्हायला जी तीन-चार मिनिटं लागतात तेव्हा सासरे रिमोट आपटतात, त्यांना उत्तर द्यायला तुम्ही या.
चार्जर मात्र मी काढणारच.

मीटरवाला:
काढा हो. वर्षाअखेरीस ते 0.9 युनिट सासऱ्यांच्या नावे जमा करा.

ओलंबोट:
वॉशिंग मशीनचं कुणी काहीच बोललं नाही.