मदत हवी आहे: आई-बाबांना टोकियोत रामेन खाऊ घालायचंय, दुकानं निवडायला हातभार लावा

नमस्कार मंडळी,

मी टोकियोत निशी-कासाईला राहते, येत्या ऑक्टोबरात तीन वर्षं होतील. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येतायत, बारा दिवसांसाठी, आणि बाबांनी फोनवर एकच फर्माईश केलीये, देवळं-बागा तू दाखवशील त्या बघतो पण ते तू दर शनिवारी खातेस ना, ते मला खायचंय. म्हणजे रामेन, सूपमधल्या शेवयांचा बोल. तेव्हापासून त्यांना नेमकं कुठे न्यायचं हेच डोक्यात चाललंय. जरा लांबलचक लिहिणार आहे, सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सुचवता येणार नाही.

आम्ही कोल्हापूरचे. बाबा चिकन, मटण, मासे सगळं खातात पण पोर्क नाही आणि बीफ नाही, ह्यात तडजोड नाही आणि मला करायचीही नाहीये. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत, आईचे गुडघे दुखतात. मी स्वतः पोर्क खाते, घरी माहीत आहे, त्यामुळे माझ्या वहीतली निम्मी दुकानं त्यांच्या कामाची नाहीत.

हो, वही आहे. मागच्या फेब्रुवारीपासून एकतीस दुकानं झाली, प्रत्येकाचं पान आहे, सूप कसलं, शेवया बारीक की जाड, मीठ किती, रांगेत किती वेळ गेला, बसायला टेबल आहे की नुसता काउंटर. सुरुवातीला दहापैकी मार्क द्यायचे, नंतर सोडून दिलं कारण मेळच बसेना. शोयूचं म्हणजे सोया सॉसचं पातळ तपकिरी सूप आणि हाकाता भागातल्या पद्धतीचं दाट पांढरं तोनकोत्सू, म्हणजे डुकराच्या हाडांचं सूप, एका मापाने कसं मोजायचं, कटाची आमटी आणि पांढरा रस्सा ह्यात पहिला नंबर कुणाचा असं कुणी विचारतं का? आता शोयूची तुलना फक्त शोयूशी आणि निबोशीची म्हणजे वाळवलेल्या छोट्या माशांच्या सूपची निबोशीशी करते. तुम्ही कसं करता तेही सांगा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

बाबांसाठी माझ्या मनात पहिल्यापासून एकच प्रकार आहे, तोरी पाइतान. (नाव ऐकून ते हसणार हे नक्की, आमच्याकडे पायतान म्हणजे चप्पल.) कोंबडीची हाडं मोठ्या आचेवर तासन् तास खळाखळा उकळतात, मग चरबी आणि हाडातला चिकटपणा पाण्यात एकजीव होतो आणि सूप दुधासारखं पांढरं होतं. त्यात नारळाचं दूध नाही, काजू नाही, खसखस नाही, नुसती हाडं आणि आच! हीच हाडं मंद आचेवर, उकळी न फुटू देता ठेवली की सूप काचेसारखं नितळ राहतं, त्याला चिनतान म्हणतात. आयुष्यभर रविवारी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावून पिणाऱ्या माणसाने ते पांढरं सूप पहिल्यांदा चाखलं की तो काय बोलेल हे मला समोर बसून ऐकायचंय. बाकी सगळं त्यासाठीच चाललंय.

पण चिकनचं सूप म्हणजे पोर्क नाही असं होत नाही, आणि ही माझी खरी भीती आहे. बोलमध्ये सगळ्यात खाली तारे पडतं म्हणजे तो खारट मसाल्याचा अर्क, मग वासाचं तेल, मग सूप, मग शेवया, आणि त्यातलं तेल बऱ्याच ठिकाणी लार्ड म्हणजे डुकराची चरबी असतं, वरचा चाशूचा म्हणजे मांसाचा तुकडा तर पोर्कच. मागे ऑफिसातल्या एका मैत्रिणीला, ती पोर्क खात नाही, मी एका दुकानात घेऊन गेले होते. बोर्डावर कोंबडीचं चित्र, विचारलं तर तोरी तोरी (कोंबडी) म्हणाले, चाशू काढून द्या सांगितलं तर तोही काढून दिला. अर्धं खाऊन झाल्यावर काउंटरच्या पलीकडे आचाऱ्याने पुढच्या बोलमध्ये पळीने पांढरी चरबी सोडली ती मला दिसली, मग विचारलं तर म्हणाला लार्ड आहे. चूक माझी, मी तेलाचं विचारलंच नव्हतं. तिने चॉपस्टिक खाली ठेवल्या, एक शब्द बोलली नाही. बाबांच्या बाबतीत असं झालेलं मला चालणार नाही.

आता आत्तापर्यंतची यादी. आसाकुसाचं नारिताया, हलाल आहे म्हणजे पोर्कचा प्रश्नच मिटला, आणि सेनसोजीचं देऊळ बघून चालत जाता येतं. शिवाय 1910 साली जपानमधलं पहिलं रामेनचं दुकान मानतात ते राईराईकेन आसाकुसातच निघालं होतं, बाबा इतिहासाचे शिक्षक, त्यांना हे तिथेच उभं राहून सांगायचंय. दुसरं गिंझाचं कागारी, तोरी पाइतानसाठीच नावाजलेलं. माझ्या वहीत चवीला सगळ्यात वर तेच आहे पण रांग मोठी असते आणि वासाच्या तेलाचं मी तेव्हा विचारलं नव्हतं. कुणी विचारून घेतलंय का, तेल, तारे, सगळंच? तिसरं आफुरी, युझूच्या (लिंबासारखं जपानी फळ) सालीचा तो वास आईलासुद्धा आवडेल, चिकन-माशांच्या नितळ सूपवर चाशू मात्र कोळशावर भाजलेला पोर्कचा, आणि तो भाजतात त्याच्याच शेजारी सगळं चालतं. त्यांच्याकडे व्हीगन रामेनही मिळतं, ते आईला चालेल असं वाटतं.

आईसाठी टोकियो स्टेशनातलं टीज तानतान पक्कं आहे. पूर्ण व्हीगन, तिळाचं दाट सूप, आणि केइयो स्ट्रीटवर जेआर रेल्वेच्या गेटच्या आतच असल्याने बाहेर भटकायला लागत नाही. इकडे नुसतं भाज्यांचं दिसणारं सूपसुद्धा कात्सुओबुशीचं म्हणजे वाळवलेल्या माशाचं असतं, त्यामुळे तिला दुसरीकडे कुठे न्यायची माझी हिंमत होत नाही. शिंजुकूच्या गोल्डन गाईतलं निबोशीचं नागी बाद केलं, तिथला जिना म्हणजे शिडीच आहे, आईने पहिल्याच पायरीवर हात टेकले असते.

अडलंय ते इथे. बऱ्याच दुकानांत माणशी एक बोल घ्यावाच लागतो, मग बाबा खात असताना आईने काय करायचं? तिला अनोळखी गल्लीत बाहेर उभं करून आम्ही दोघं आत बसायचं हे मनाला पटत नाहीये. तुमच्यापैकी कुणी असं मिश्र कुटुंब घेऊन गेलं असेल तर नेमकं कसं जमवलंत ते लिहा. टेबलं असलेलं, दोघांचंही होईल असं दुकान माहीत असेल तर उत्तमच, लांब असलं तरी चालेल.

दुसरं मिठाचं. सगळं सूप प्यायलं तर एका बोलमध्ये पाच-सहा ग्रॅम मीठ सहज जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. सूप टाकलं तर इथे कुणी वाईट वाटून घेत नाही हे मला माहीत आहे पण बाबा रस्सा टाकणाऱ्यातले नाहीत. तारे कमी घालून देतात का, कुठे मागून बघितलंय का कुणी?

वेळ कुठली बरी तेही सांगा. मी साधारण साडेअकराला, दुकान उघडता उघडता जाते, पण शनिवार-रविवारी तेव्हाही गर्दी असते. तिकिटाचं मशीन मी आधी बघून ठेवणार आहे, 2024 च्या जुलैत नव्या नोटा आल्या तेव्हा बऱ्याच जुन्या मशीनना त्या चालत नव्हत्या, म्हणून सुट्टी नाणी बरोबर ठेवते.

अपडेट: उत्तरं दिलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. कागद लिहून न्यायची कल्पना फार आवडली, बुतानिकू (डुकराचं मांस), तोनकोत्सू आणि रादो (लार्ड) ह्यातलं काहीच चालत नाही, तेलातसुद्धा नाही, असं जपानीत मोठ्या अक्षरांत शेजारच्या काकूंकडून लिहून घेतलंय. शनिवारी एकटीच गिंझाला जाऊन तो आचाऱ्याला दाखवते आणि काय म्हणाला ते इथे लिहिते. आईचा प्रश्न अजून तसाच आहे, त्यावर कुणी बोललं नाहीये, प्लीज बघा.