काम जास्त झालंय की मीच कमी पडतोय?

वाकडवासी:
आयटीत ११ वर्षं झाली, सध्या टीम लीड. टीममधले दोघं सोडून गेले, त्यांच्या जागी अजून कोणी आलं नाही, त्यांचं काम उरलेल्या पाच जणांत वाटलंय असं म्हणतात पण खरं तर ते माझ्या आणि अजून एकीच्या गळ्यात पडलंय. सकाळी भूमकर चौकात अडकायचं, रात्री साडेनऊला क्लायंट कॉल. परवा ज्युनियरने साधी शंका विचारली तर सगळ्यांसमोर खेकसलो त्याच्यावर, पोराचं तोंड एवढंसं झालं. बायको म्हणते, ताटात काय वाढलंय तेपण तुला कळत नाही हल्ली. आता एचआरने भावनिक क्षमतेवर दोन तासांचं सेशन ठेवलंय, तेही रिलीजच्या आठवड्यात 😀 हे असलं काही शिकून खरंच फरक पडतो का?

पेठेतला_आगाऊ:
जा की, समोसा तरी मिळेल.

निवृत्त_एचआर:
समोसा आम्हीच मागवायचो, म्हणून सांगते 🙂 विषय थोतांड नाहीये हो. सॅलोवी आणि मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडला, आपल्याला आणि समोरच्याला काय वाटतंय ते ओळखणं आणि त्याप्रमाणे वागणं, एवढंच मूळ. राग आलाय हे खेकसायच्या आधी दहा सेकंद कळलं तरी पुष्कळ. पण त्याने दोन माणसांचं काम कमी होत नाही, आणि कंपन्या नेमकं तिथेच सोयीस्कर गल्लत करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली त्यात तो कामाच्या जागेवरच्या, नीट न हाताळलेल्या सततच्या ताणातून येतो असंच म्हटलंय, आणि त्याला आजार म्हटलेलं नाही. त्याच्या खुणा तीन: थकवा, कामाबद्दल तुटकपणा, आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं. तुमच्या प्रश्नाचं शीर्षक वाचा, तिसरं त्यातच आहे.

टेस्टर_खराडी:
+१. कॅरासेक नावाच्या माणसाचं १९७९ चं मॉडेल आहे, नुसतं काम जास्त असण्यापेक्षा काम जास्त आणि ठरवायचा अधिकार काहीच नाही हे जास्त घातक. पण दादा एक विचारू का, दोघांचं काम तुम्ही करताय हे वर कोणाला माहितीये? तुम्ही रात्री जागून सगळं वेळेत देताय म्हणजे त्यांच्या हिशोबाने माणसं लागतच नाहीत, मग भरती कशाला करतील. मी पण हेच केलं होतं, सहा महिने. शेवटी तासांचा हिशोब मांडून मेल टाकला की यातलं काय थांबवू ते तुम्हीच सांगा. एकच माणूस मिळाला, तोही दुसऱ्या प्रोजेक्टमधून उसना. मॅनेजर महिनाभर फुगून होता ते वेगळं.

निवृत्त_एचआर:
हे बरोबर. वरच्याला शांतपणे नाही म्हणता येणं हीपण भावनिक क्षमताच, फक्त ती सेशनमध्ये शिकवत नाहीत. आणि झोप उडाली असेल तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

वाकडवासी:
धन्यवाद सगळ्यांना. मेल ड्राफ्टमध्ये आहे, तीनदा उघडून बंद केला, उद्या जेवायच्या आधी पाठवतो. ज्युनियरला टपरीवर चहाला नेऊन सॉरी म्हणलो. तो म्हणाला, सर ओरडलात त्याचं काही नाही, पण नंतर दोन दिवस तुम्ही बोललाच नाहीत, मला वाटलं मीपण आता जाणार.