पहिल्या नंबरावर निवडलेला पोरगा: तुमचं मत कधी बदललं? (अनुभव धागा)

७ जुलै २०२२. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी तरुण खेळाडू क्रमाने निवडायचा कार्यक्रम, मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्येच होता आणि पहिली निवडही मॉन्ट्रियलच्याच कॅनेडियन्स संघाची. सगळे शेन राइटच्या नावाची वाट बघत होते. पुकारलं गेलं युराय स्लाफकोव्स्कीचं. राइट चौथ्या क्रमांकापर्यंत खाली आला आणि सिअ‍ॅटलकडे गेला.

स्लाफकोव्स्कीचा पहिला हंगाम: ३९ सामने, ४ गोल, ६ असिस्ट (गोलला कारण ठरलेले पास), आणि जानेवारी २०२३मध्ये गुडघ्याची दुखापत. दुसरा हंगाम: सगळे ८२ सामने, २० गोल, ५० गुण (गोल आणि असिस्ट मिळून). या दोन ओळींच्या मधे काय घडलं, ते तुम्ही कसं पाहिलंत? त्याला लावालला, म्हणजे एएचएल या खालच्या लीगमधल्या मॉन्ट्रियलच्याच संघाकडे, पाठवायला हवं होतं का? तुमचं मत बदललं असेल तर नेमकं कशावरून? विश्लेषणं भरपूर वाचून झाली आहेत, इथे स्वतः पाहिलेलं लिहा.

सुरुवात मीच करते.

मॉन्ट्रियल

मी राइटच्या बाजूची. संघाला सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, हवा होता, राइट सेंटर, विषय संपला असं माझं म्हणणं होतं. नवरा पहिल्या दिवसापासून स्लाफकोव्स्कीच्या बाजूने. त्याचं सगळं बीजिंग ऑलिंपिकवर उभं होतं. सतरा वर्षांच्या पोराने ७ सामन्यांत ७ गोल केले, स्लोव्हाकियाला कांस्य मिळालं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. मी म्हणायचे, दोन आठवड्यांच्या स्पर्धेवरून आयुष्य ठरवू नका.

पहिल्या हंगामात मला माझंच खरं वाटत राहिलं. २०२३च्या शरद ऋतूतही. मग डिसेंबरात प्रशिक्षक मार्टिन सँ लुईंनी त्याला निक सुझुकी आणि कोल कॉफील्डबरोबर पहिल्या फळीत खेळवायला सुरुवात केली. तेव्हाची एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, माझ्या डोळ्यासमोर आहे. कोपऱ्यात, बोर्डला लागून, दोन बचावपटू त्याच्या पाठीवर. आधीचा स्लाफकोव्स्की असता तर घाईघाईने पक (खेळातली रबरी चकती) कुठेतरी ढकलून मोकळा झाला असता. या वेळी त्याने पाठ रुंद केली, पक स्केटशी धरून ठेवला, दोघांनाही स्वतःवर ओढून घेतलं आणि मग शांतपणे सुझुकीला दिला. गोल झाला नाही. कागदावर या शिफ्टची नोंद कुठेच नसणार. पण मी नवऱ्याकडे वळून म्हटलं, "आता हा इथला झाला."

लावाल

ताई, तुमचं वाचलं. माझं मत मात्र बदललेलं नाही आणि ते इथे लिहायला हवं असं वाटतं.

मी प्लास बेलजवळ राहतो. बेल सेंटरपासून लावाल रॉकेटच्या या मैदानापर्यंत मेट्रोची एकच ऑरेंज लाइन येते, मध्ये गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. पहिल्या हंगामात तो तिकडे सामन्याला जेमतेम बारा मिनिटं खेळत होता, तेही खालच्या फळ्यांमधून. इथे वीस मिनिटं मिळाली असती. पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) मिळाला असता, आणि चुका करायची मोकळीक.

नियमही त्याच्या बाजूने होता, हे लोक विसरतात. कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून निवडलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला एएचएलमध्ये सहसा खेळवता येत नाही. एकतर एनएचएल, नाहीतर परत ज्युनिअर. राइट त्याच कात्रीत सापडला. स्लाफकोव्स्की फिनलंडच्या तुर्कूतून, टीपीएसकडून आला होता, त्याला दोन्ही दारं उघडी होती.

लोक मला त्याचे ५० गुण दाखवतात. जुलै २०२४मध्ये त्याला ८ वर्षांचा, वर्षाला ७६ लाख डॉलरचा करार मिळाला, तेव्हा ओळखीच्या तिघांनी मला फोन केले. मला आनंदच झाला. पण शेवट चांगला झाला म्हणून वाटही योग्यच होती, हे मला पटत नाही. दुखापत झाली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, प्रौढांच्या सर्वांत कठीण लीगमध्ये, आणि अजून नजर खाली ठेवून खेळत होता. त्या रात्री माझ्या पोटात गोळा आला होता.

ब्रॅम्प्टन

नजर खाली, याबद्दल लिहिते. माझी लेक सात वर्षं खेळतेय. पहाटे सहाचा बर्फ, थर्मासमधला चहा आणि काचेच्या अलीकडून ऐकू येणारी एकच हाक: डोकं वर! पक काठीवर आला की मुलांची नजर त्याच्यावर खिळते. पाय पळत राहतात, समोर कोण आलंय ते दिसत नाही. हे सांगून सुटत नाही, अंगातून जावं लागतं.

स्लाफकोव्स्कीचं दुखणं तेच, आणि त्याचं कारण मला मैदानात दिसतं. इथलं मैदान जेमतेम २६ मीटर रुंद. युरोपात बरीच मैदानं त्याहून रुंद असतात, ३० मीटरपर्यंत. एवढा धिप्पाड मुलगा तिकडे मधल्या पट्ट्यातून पक घेऊन निघाला की त्याला एक श्वास जास्त मिळत असणार. इथे तो श्वास नाही. पहिल्या हंगामात मधल्या पट्ट्यात त्याला बसलेले धक्के बघून लेक डोळे मिटून घ्यायची.

म्हणून मला त्याच्या गोलांपेक्षा एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर एकदा लेक टीव्हीसमोर उभी राहून ओरडली, "आई, तो पक यायच्या आधी मागे बघतोय!" खरंच बघत होता. पक येण्याआधी खांद्यावरून एक नजर. मग आम्ही दोघी तेवढंच मोजत बसलो. प्रत्येक वेळी नाही, पण पुष्कळ वेळा. हे एनएचएलमध्ये राहूनच आलं की लावालमध्ये लवकर आलं असतं, मला ठरवता येत नाही. मात्र शिकवणारा माणूस त्याला योग्य मिळाला असं मला मनापासून वाटतं. सँ लुईंना स्वतःला ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नव्हतं. बुटके म्हणून मागे ठेवलेले, आणि २००४मध्ये टॅम्पाकडून स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलेले. त्यांना आयतं काहीच मिळालं नव्हतं.

न्यू जर्सी

आमच्या संघाकडे दोन्ही रस्ते झाले. २०१९चा पहिला नंबर जॅक ह्यूज थेट एनएचएलमध्ये उतरला, पहिल्या हंगामात ६१ सामन्यांत २१ गुण. ऑफिसात त्याला सरळ फसलेली निवड म्हणायचे. २०२२-२३मध्ये त्याचे ९९ गुण झाले. उलट शिमोन नेमेत्स, स्लाफकोव्स्कीचाच देशबंधू आणि त्याच ड्राफ्टमधला दुसरा नंबर, पहिला अख्खा हंगाम युटिकाला एएचएलमध्ये खेळला. मी दोघांनाही घाईने नावं ठेवली होती. आता निवडलेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत मत द्यायचं नाही असं ठरवलंय, आणि पाळतोय.

सिअ‍ॅटल

राइटबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. डिसेंबर २०२२मध्ये इथे मॉन्ट्रियलविरुद्धच त्याने एनएचएलमधला पहिला गोल केला. मी स्टँडमध्ये होतो. सामना आम्ही हरलो, पण त्या क्षणी शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. त्यानंतर ज्युनिअरमध्ये परत जाणं, मग कोचेला व्हॅलीत आमच्या एएचएल संघाकडून खेळणं, हे सगळं त्या मुलाने तोंड न वाकडं करता केलं. ‘मॉन्ट्रियलने बरोबर केलं का’ या वादात त्याला सारखं तराजूत टाकतात, तेव्हा मला वाईट वाटतं. दोघंही तेव्हा अठराच वर्षांचे होते.

नाशिक

मला आइस हॉकीतलं काही कळत नव्हतं. मुलगा मॉन्ट्रियलला शिकायला गेला. फोनवर विचारलं की "बरं चाललंय" एवढंच उत्तर यायचं. एकदा म्हणाला, बाबा, सामना बघा माझ्याबरोबर. तिकडे संध्याकाळी सात म्हणजे थंडीत इथे पहाटे साडेपाच. तेव्हापासून बघतोय.

तो स्लाफकोव्स्कीबद्दल भरभरून बोलायचा. घरापासून लांब आहे, भाषा वेगळी, चुकला की सगळं गाव बोलतं, अजून जम बसत नाहीये. पहिला हिवाळा मी मुकाट्याने ऐकत राहिलो. तो कुणाबद्दल बोलतोय ते मला कळत होतं. मी स्लाफकोव्स्कीबद्दलच विचारायचो: आज किती वेळ खेळला? कुणाबरोबर खेळला? जेवतोबिवतो ना नीट?

९ एप्रिल २०२४ला पाडवा होता. मुलाने खोलीच्या खिडकीत छोटी गुढी उभारून फोटो पाठवला. त्याच संध्याकाळी फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना. इथे दहा तारखेची पहाट, सौभाग्यवतींना उठवू नये म्हणून मी स्वयंपाकघरात बसलेलो. स्लाफकोव्स्कीने त्याची पहिली हॅटट्रिक केली. बेल सेंटरमध्ये रिवाजाप्रमाणे बर्फावर प्रेक्षकांच्या टोप्यांचा पाऊस पडला, मॉन्ट्रियल ९-३ने जिंकलं. फोनवर मुलगा ओरडत होता. मग एकदम गप्प झाला आणि म्हणाला, "बाबा, मलाही इंटर्नशिप मिळालीय. गेल्या आठवड्यातच कळलं होतं, सामन्याच्या वेळी सांगायचं होतं."