पेग जोडलेल्या प्रथिनाचा रेणुभार: कॉलमच्या कॅलिब्रेशनवर विसंबावे का?

प्रश्न:
१४.३ किलोडाल्टनच्या लायसोझाइमला २० किलोडाल्टनची पेगची (पॉलिएथिलीन ग्लायकॉल या बहुवारिकाची) साखळी जोडली आहे. रेणुभार ३४.३ च्या आसपास यायला हवा; प्रत्यक्षात साइझ एक्सक्लूजन कॉलममधून हा पदार्थ ६६.५ किलोडाल्टनच्या बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनच्याही आधी बाहेर पडतो. कॅलिब्रेशन गोलाकार प्रथिनांवर केलेले असून डिटेक्टर फक्त यूव्ही (अतिनील प्रकाशाचे शोषण मोजणारा) आहे. रेणू एकमेकांना चिकटले असावेत, की एकाच प्रथिनाला दोन साखळ्या लागल्या असाव्यात? नवा डिटेक्टर कोणता घ्यावा?

उत्तर १:
एवढ्या माहितीवरून दोन्हींपैकी काहीच सिद्ध होत नाही. कॉलम रेणूंना वजनानुसार नव्हे, तर द्रावणातील आकारमानानुसार वेगळे करतो. पेगची साखळी पाणी धरून सैल पसरलेली असल्यामुळे ती तेवढ्याच वजनाच्या घट्ट घडीच्या प्रथिनापेक्षा पुष्कळ अधिक जागा व्यापते, आणि म्हणून एकच साखळी असलेला रेणूही लवकर बाहेर येणे स्वाभाविक आहे. लाइट स्कॅटरिंग डिटेक्टरला बाहेर पडण्याच्या वेळेशी देणेघेणे नसते. मात्र विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता रेणुभार आणि संहती या दोहोंवर अवलंबून असल्याने संहती वेगळी मोजावी लागते. पेग यूव्ही डिटेक्टरला २८० नॅनोमीटरवर दिसत नाही, तर आरआय (अपवर्तनांक मोजणाऱ्या) डिटेक्टरला प्रथिन आणि पेग दोन्ही दिसतात; त्यामुळे यूव्ही, लाइट स्कॅटरिंग आणि आरआय असे तिन्ही जोडल्यास प्रथिनाचा व पेगचा वाटा वेगवेगळा काढता येतो.

उत्तर २:
वरील उत्तराला एक पुरवणी. सॉफ्टवेअरमध्ये डीएन/डीसीची (संहतीनुसार अपवर्तनांक किती बदलतो त्या प्रमाणाची) किंमत प्रथिनाची, म्हणजे ०.१८५ मि.लि. प्रति ग्रॅम, तशीच राहू देऊ नका. पेगची किंमत साधारण ०.१३५ असल्याने तुमच्या रेणूची सरासरी ०.१५६ च्या जवळ येते. संहती आरआयवरून काढून ०.१८५ वापरल्यास ३४.३ ऐवजी सुमारे २९ किलोडाल्टन असे उत्तर मिळेल, आणि दोष विनाकारण यंत्राला लागेल.

उत्तर ३:
खरेदीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. इतक्या लहान रेणूचा प्रकाश सर्व कोनांत जवळपास सारखाच विखुरतो, त्यामुळे केवळ रेणुभारासाठी ९० अंशांचा एक कोन पुरेसा आहे. अनेक कोनांच्या डिटेक्टरचा खर्च मोठ्या बहुवारिकांसाठी सार्थ ठरतो. व्हिस्कोमीटरने (द्रावणाची श्यानता मोजणाऱ्या उपकरणाने) रेणू किती सैल आहे हे कळेल, पण तुमचा प्रश्न त्यावाचूनही सुटतो. खरी चिकाटी आरआयला लागते: बफर बदलल्यावर बेसलाइन स्थिर होईपर्यंत नमुना सोडू नये. शिवाय लाइट स्कॅटरिंगमध्ये सुरुवातीलाच उंच पीक (आलेखातील शिखर) दिसले आणि यूव्ही व आरआयमध्ये तिथे काहीच नसेल, तर घाबरू नये. अत्यल्प प्रमाणातील प्रचंड रेणुभाराचे पुंजके किंवा कॉलममधून सुटलेले कणही तेवढे पीक देतात. तुमच्या पदार्थाच्या मुख्य पीकमध्ये रेणुभार ३४ च्या आसपास सपाट राहिला तर साखळी एकच आहे. ५४ आला तर दोन.