‘सगळं घर जमलं’ यात चूक काय?

तिरकी रेघ
एका कथेचा अनुवाद करतेय. माणूस अकरा वर्षांनी सणासाठी घरी येतो, भाऊ-बहिणी, त्यांची मुलं, सगळे आलेले असतात. मूळ वाक्यात ‘रियुनियन’ आहे. मी लिहिलं, ‘अकरा वर्षांनी सगळं घर जमलं.’ संपादकांनी लाल शाईने खोडून लिहिलं, ‘कौटुंबिक पुनर्मीलन सोहळा संपन्न झाला.’ वर समासात प्रश्न, ‘घर कसे जमेल? घरात माणसे जमतात.’ आमच्याकडे लहानपणापासून ‘सगळं घर जमलं’ असंच ऐकलंय. मी चुकतेय का? आणि रियुनियनला खरंच काही शब्द आहे का? उद्या दुपारपर्यंत मजकूर द्यायचाय.

खडूमास्तर
आधी शुद्धलेखन. पुनर्मिलन. मि पहिली. धातू ‘मिल्’, त्यापासून मिलन, मेलन, संमेलन. ‘मीलन’ हा वेगळ्या धातूचा शब्द, अर्थ मिटणे. निमीलन, उन्मीलन आठवा. तुमच्या संपादकांच्या वाक्यात सगळं कुटुंब अकरा वर्षांनी एकत्र जमून पुन्हा डोळे मिटून बसलंय.

पाटीपेन्सिल
जेवण जड झालं असेल.

उलटा स्वल्पविराम
मास्तर, मराठीत ‘मीलन’ सर्रास छापलेलं दिसतं. वाचणाऱ्याला अर्थ कळतो ना? मग संस्कृत धातूला विचारायला कशाला जायचं?

खडूमास्तर
सर्रास दिसतं म्हणून बरोबर असेल तर ‘संपन्न झाला’सुद्धा सोडून द्या. संपन्न म्हणजे समृद्ध. सोहळा पार पडतो.

तिरकी रेघ
मास्तर, मि पहिली असो की दुसरी, पुनर्मिलन म्हटलं की मला ताटातूट झालेले प्रेमी दिसतात. भावंडं नाही दिसत.

उशीरवाचक
स्नेहसंमेलन?

पाटीपेन्सिल
आणि मधल्या सुट्टीत बक्षीस समारंभ. नको हो. तो शब्द शाळेने कायमचा ताब्यात घेतलाय.

उशीरवाचक
मग सरळ घरवापसी.

उलटा स्वल्पविराम
तो तर मुळीच नको. बातम्यांनी त्याला भलताच रंग दिलाय, कथेतला बिचारा माणूस धर्मांतर करून आला की काय असं वाटेल.

खडूमास्तर
शिवाय ‘वापस’ फारसी, आपल्याकडे आला तो हिंदीच्या बोटाला धरून. ‘प्रत्यागमन’ आहे, ‘गृहागमन’ आहे. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे सावरकरांनी रूढ केलेले शब्द आज डोळे झाकून वापरता ना? शब्द वापरला की रुळतो.

पाटीपेन्सिल
डोळे झाकून म्हणजे मीलन करून. ‘दिनांक’ अर्जावर लिहायचा असतो, म्हणून रुळला. ‘आई, माझं गृहागमन झालं’ असं दारात उभं राहून कोण म्हणेल?

जुनी वही
मला एक सुचतंय. लेक घरी येते त्याला आपल्याकडे नाम आहे, माहेरपण. येणारीलाही नाम आहे, माहेरवाशीण. मातृगृहापासून माहेर. मुलगा इतक्या वर्षांनी येतो त्याला काय म्हणायचं, हे कुणी ठरवलेलंच दिसत नाही. तो घरचाच, त्याला वेगळं नाव कशाला, असं गृहीत धरलं असावं.

माझा भाऊ नऊ वर्षांनी आला होता. रात्री उशिरा पोचला. आत शिरताना सवयीने डाव्या हाताने भिंत चाचपायला लागला, दिव्याचं बटण पूर्वी तिथे होतं. आता तिथे नुसता गिलावा. बटण मधे कधीतरी उजवीकडे नेलेलं. तो काही क्षण अंधारात तसाच भिंतीवर हात ठेवून उभा. मग आईने त्याच्यासाठी कपाटातले ठेवणीतले कप काढले आणि तो म्हणाला, ‘मी काय पाहुणा आहे?’ आई काही बोलली नाही, पण कपही परत ठेवले नाहीत.

तिरकी रेघ
वहीताई, माझ्या कथेत अगदी हेच आहे. शब्दाचं राहू दे, हे वाचून मी पाच मिनिटं थांबले.

उशीरवाचक
पाहुणा हा ‘पाहणे’पासून ना? ज्याची वाट पाहायची तो पाहुणा. माझे आजोबा तसंच सांगायचे.

खडूमास्तर
आजोबांविषयी आदर ठेवून सांगतो, नाही. प्राघूर्णक, त्यावरून प्राकृत पाहुण, मग पाहुणा. ‘घूर्ण’ म्हणजे गरगर फिरणे. भटकत येणारा तो पाहुणा. वाट पाहण्याशी काही संबंध नाही.

उशीरवाचक
व्युत्पत्ती तुमची खरी असेल. पण आमच्या घरात तीन पिढ्या तो शब्द वाट पाहण्याच्या अर्थानेच ऐकला गेलाय, त्याचं काय करू?

उलटा स्वल्पविराम
अतिथीचंही तेच. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असं शाळेत शिकवतात. कोशवाले ‘अत्’, म्हणजे भटकणे, या धातूकडे बोट दाखवतात. म्हणजे दोन्ही शब्दांत माणूस नुसता फिरतोय, वाट कुणी पाहतच नाही!

पाटीपेन्सिल
शाळेतली व्युत्पत्ती धरली तर चार महिने आधी रजा मंजूर करून, तिकिटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकून येणारा अतिथी होऊच शकत नाही.

बाराखडी
मधेच बोलतेय. ग्रीकमध्ये घरी परतण्याला नाम आहे, नोस्तोस. त्याला वेदना जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने 1688 साली प्रबंधात घडवला, चक्क आजाराचं नाव म्हणून. आपण त्याचं ‘स्मरणरंजन’ केलं. घर गेलं, दुखणंही गेलं, उरलं रंजन.

खडूमास्तर
स्मरणरंजन हा चांगला घडवलेला शब्द आहे.

बाराखडी
चांगला आहे, पण नऊ वर्षांनी भिंतीवर हात ठेवून उभं राहणं म्हणजे रंजन नव्हे.

तिरकी रेघ
मूळ प्रश्नाकडे येऊ का? त्यात ‘हॉलिडेज’सुद्धा आहे. संपादक म्हणतात ‘सुट्ट्यांमध्ये’, मी ‘सणाला’ केलंय.

बाराखडी
सणालाच ठेव. इंग्रजीत पवित्र दिवसाचा घसरत घसरत सुट्टीचा दिवस झाला, म्हणून त्यांना एका शब्दात दोन्ही मावतं. आपल्याकडे सण वेगळा, सुट्टी वेगळी. ‘सुट्टीत घरी आला’ म्हटलं की वसतिगृहातला मुलगा दिसतो.

खडूमास्तर
सण हा ‘क्षण’पासून. संस्कृतात क्षणाचा एक अर्थ उत्सव, प्राकृतात छण.

उशीरवाचक
वा! म्हणजे तो सणाला नव्हे, एका क्षणासाठी आला.

पाटीपेन्सिल
उशीरराव, हे गुलाबाच्या फोटोवर टाकून सकाळी सहाला पाठवा.

जुनी वही
नामासाठी आपण उगाच जीव टाकतोय असं मला वाटतं. मराठीत हे काम ‘घरी’ करतं. ‘घरात आला’ म्हणजे उंबरा ओलांडला, तो कुणीही असेल, मांजरसुद्धा. ‘घरी आला’ म्हटलं की कुणाच्या घरी ते सांगावं लागत नाही. एका ईकारात सगळं येतं.

खडूमास्तर
सप्तमी. घरी, दारी. हे मात्र मान्य.

उलटा स्वल्पविराम
मास्तरांनी काहीतरी मान्य केलं, तारीख लिहून ठेवा.

पाटीपेन्सिल
दिनांक.

उशीरवाचक
‘घरी परतला’ चालेल का? की ‘परतला’ म्हटलं की तवा आठवतो?

उलटा स्वल्पविराम
तव्यावर आपण काहीतरी परततो, घरी आपण स्वतः परततो. क्रियापद एक, एकदा सकर्मक, एकदा अकर्मक. नातेवाईक जमल्यावर ‘काय करतोस, किती मिळतात, परत कधी जाणार’ सुरू झालं की अकर्मकाचं सकर्मक व्हायला वेळ लागत नाही.

तिरकी रेघ
:) पण ‘सगळं घर जमलं’ चूक की बरोबर? ते कुणीच सांगितलं नाही.

बाराखडी
बरोबरच. ‘सगळं घर झोपलंय’, ‘सगळं घर हादरलं’ म्हणतोच की. झोपतात ती माणसंच, भिंती नाही.

खडूमास्तर
लक्षणा आहे, व्याकरणाने चालते. छापील गद्यात मी ‘घरची सगळी माणसं जमली’ लिहीन.

जुनी वही
त्यात जीव जातो, मास्तर. आईला ‘घर भरलं’ म्हणायला चालतं ना? मग जमायला काय हरकत?

खडूमास्तर
भरणे ही गोष्ट घराच्या बाबतीत शब्दशः शक्य आहे. जमणे नाही.

उलटा स्वल्पविराम
आणि गाव जमतं ते? ‘सगळा गाव जमला’ छापील गद्यात हजार वेळा सापडेल.

खडूमास्तर
गाव म्हणजे मुळात समूह. तुलना चुकीची आहे.

तिरकी रेघ
मजकूर गेला. मी ‘सगळं घर जमलं’वर अडून बसले, संपादक पुनर्मीलनावर. शेवटी तडजोड छापली जाणार आहे, ‘सर्व कुटुंबिय एकत्रित आले.’

खडूमास्तर
कुटुंबीय. बी दुसरी. आणि ‘एकत्र आले’. एकत्रित हे विशेषण आहे.

उशीरवाचक
‘एकत्रित’ तर मी रोज वापरतो! चूक कशी काय?