जुन्या गोव्यात जाऊन म्युझियम न बघणाऱ्यांनो, नक्की काय बघून येता?

घाटावरचा:
दर सुट्टीनंतर तेच फोटो. बॉम जीझसची बासिलिका, समोरचं से कॅथेड्रल, की लगेच गाडी पणजीला, कारण जेवायची वेळ झालेली असते. कॅथेड्रलच्याच आवारात असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च आहे. त्याला लागून फ्रान्सिस्कन साधूंचा मठ, आणि त्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. आपली मंडळी तिथल्या दारापर्यंत येतात, तिकीट आहे म्हटल्यावर सावलीत बसतात!

आत कदंब राजांच्या काळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड आहेत. वीरगळ खालून वर बघत जायचा: तळाला लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर. इथल्या एकावर चक्क जहाज कोरलंय. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावर आरमार होतं, हे बाहेरच्या एकाही चर्चमध्ये कळणार नाही. माझं मत सरळ आहे: वेळ कमी असेल तर एक चर्च कमी करा, म्युझियम नाही.

दोन_पोरांची_आई:
असहमत. तुम्ही एकटे फिरता वाटतं. आपल्याकडच्या बहुतेक म्युझियममध्ये पाटीवर काय असतं? ‘वीरगळ, बारावे शतक.’ झालं. खालून वर बघायचं असतं हे तुम्ही इथे सांगितलंत म्हणून कळलं, तिथे कोण सांगतं? त्यापेक्षा पोरांना जुन्या गोव्यातच सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चच्या टेकडीवर नेलं. चिऱ्याचा तो अर्धा उभा मनोरा, पायाखाली थडग्यांच्या फरशा, भिंतींचे उरलेले तुकडे. ‘आई, बाकीचं कुठे गेलं?’ हा प्रश्न धाकटीने स्वतःहून विचारला. काचेपुढे तिने आजवर एकच प्रश्न विचारलाय, ‘जायचं का?’

घाटावरचा:
बाकीचं कुठे गेलं, याचं उत्तर काय दिलंत मग?

दोन_पोरांची_आई:
पडलं म्हणून सांगितलं. टोमणा पोचला.

चिरेबंदी:
उत्तर मी देतो. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले मठ बंद केले, ऑगस्टिनियन साधूंना जावं लागलं. राबता संपल्यावर इमारत किती टिकणार? १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा. आज उभा आहे तो सुमारे ४६ मीटरचा.

पण या टेकडीवरचा खरा किस्सा राणी केटेवानचा. जॉर्जियाची ही राणी. धर्म बदलायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये तिला शिराझला हालहाल करून मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्याला आणला. जुन्या पोर्तुगीज कागदात जागा लिहिलेली होती: मठाच्या सभागृहालगतच्या चॅपेलमधल्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत. पडझडीनंतर ‘दुसरी खिडकी’ कुठली हेच कळेना. पुरातत्त्व खात्याने मठाचा आराखडा जुळवत जुळवत ती जागा शोधली. २००४ मध्ये हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली, आणि वंश जॉर्जियाशी जुळला. २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी अस्थींचा काही भाग तिबिलिसीला नेऊन जॉर्जियाला दिला.

आता सांगा, घाटावरचे, हे म्युझियममुळे झालं की जागेमुळे?

घाटावरचा:
प्रयोगशाळेमुळे! टेकडीवर नुसतं उभं राहून डीएनए कळत नाही.

चिरेबंदी:
आणि तो मठ उकरून सपाट केला असता तर प्रयोगशाळेत पाठवायला काय होतं?

वसईकर:
दोघंही एक गोष्ट विसरताय. वस्तू जागेवर नसेल तर ती काचेतच असली पाहिजे, असं थोडंच आहे? ऑगस्टिनच्या मनोऱ्यातली मोठी घंटा पणजीच्या चर्चमध्ये १८७१ पासून आहे. पायऱ्या पायऱ्यांचं ते पांढरं चर्च, सिनेमात असतं तेच. आमच्याकडे चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. मेणवलीची घंटा नदीकाठी अजून टांगलेली आहे. ती उचलून म्युझियममध्ये ठेवा म्हणाल तर गाव ऐकणार नाही, आणि बरोबरच आहे.

घाटावरचा:
घंटेचं ठीक, ती धातूची आहे. दगडाचं काय? बोरिवलीत एकसरला वीरगळ आहेत, त्यांवरही नौकायुद्ध कोरलंय. उघड्यावर, ऊनपावसात. तिथे जाऊन या आणि मग ‘जागेवरच बरं’ म्हणा.

वसईकर:
जाऊन आलोय. लोकांनी जपलेत म्हणून तर दिसले. गावातून हलवले की ते कोणाचेच नाहीत.

म्हापशेकर:
मला वेगळंच टोचतं. त्याच म्युझियममध्ये वरच्या मजल्यावर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या तसबिरींची रांग आहे. ही परंपरा दों जुआंव द कास्त्रोने १५४७ मध्ये सुरू केली. पर्यटक ‘काय रुबाब!’ म्हणत फोटो काढतात. ज्यांच्या राज्यात तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळं पडली, त्यांचा रुबाब आम्ही का बघायचा? तेवढ्या वेळात तांबडी सुर्लाचं कदंबकाळातलं महादेवाचं देऊळ बघा. जंगलात होतं म्हणून वाचलं.

चिरेबंदी:
उलट, मला ती जागा त्यांच्यासाठी योग्यच वाटते. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकेर्कचा पुतळा आधी पणजीत आझाद मैदानावरच्या मंडपात होता. मंडपाचे खांबसुद्धा जुन्या गोव्यातल्या डॉमिनिकन साधूंच्या पडक्या वास्तूतून आणलेले. आज त्या मंडपात गोवा मुक्तिलढ्यातले नेते त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हांचं स्मारक आहे आणि आल्बुकेर्क म्युझियममध्ये. पोर्तुगीज कवी कामोंइशचा पुतळाही चौकातून उचलून तिथेच नेला. फोडला नाही, पुजला नाही, आत ठेवला. याहून चांगली सोय काय करणार?

म्हापशेकर:
सोय त्यांची झाली. देवळांच्या मूर्तीही त्याच छपराखाली, हे विसरू नका. आल्बुकेर्क आणि विष्णू शेजारी!

घाटावरचा:
म्हणूनच तर बघा म्हणतोय. सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात आदिलशाही राजवाड्याच्या दाराची काळ्या दगडाची चौकट उभी आहे, ती एकटी बघून काही उमजत नाही. कदंब, आदिलशाह, पोर्तुगीज एका दुपारी, एका रांगेत फक्त म्युझियममध्येच दिसतात.

दोन_पोरांची_आई:
बरं, डिसेंबरात पुन्हा जाणार आहोत. वीरगळ दाखवेन पोरींना, आधी टेकडी आणि मग म्युझियम, हा क्रम मी बदलणार नाही. शुक्रवारी चालेल का? पोरींची शाळा गुरुवारपर्यंतच आहे.

चिरेबंदी:
शुक्रवारी म्युझियम बंद. शनिवारी जा.

म्हापशेकर:
शुक्रवारी तांबडी सुर्ला करा मग. तिकीटही नाही, व्हाइसरॉयही नाहीत.